विश्रांतवाडीचा फ्लॅट सोडून समुद्रकाठी राहायला जायचंय? मॉल शेवटी मोजा, आधी या गोष्टी मोजा

इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास दिसतं. जांभ्या दगडाचं घर, अंगणात झोपाळा, मागे नारळाची बाग आणि खाली ओळ, ‘पुणे सोडलं आणि जगायला लागलो’. त्यात टिंगरेनगरच्या गल्लीतून बाहेर पडायला रोज वीस मिनिटं लागत असतील, तर ते रील बघून मन चाळवणारच.

पुण्याच्या ट्रॅफिकचं म्हणाल तर ती नुसती कुरकुर नाही. ‘टॉमटॉम’ या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात संथ वाहतुकीच्या शहरांमध्ये पुणे जगात चौथं होतं. इथे १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागतात. त्यामुळे रिटायर झालेली, व्हीआरएस घेतलेली आणि घरून काम करणारी बरीच मंडळी सध्या रत्नागिरी, अलिबाग, मालवण, नाहीतर थेट पणजीचा विचार करताहेत.

मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘अहो, पण तिथे मॉल आहे का? दहा मिनिटांत किराणा येतो का?’

प्रश्न चुकीचा नाही, पण तो यादीत सगळ्यात खाली हवा. का, ते सविस्तर बघू. तुलनेसाठी दोन शहरं घेऊ, एक आपल्याच राज्यातलं रत्नागिरी आणि दुसरं शेजारच्या राज्यातलं पणजी.

आधी विश्रांतवाडीत आपल्याकडे काय आहे?

हाताशी असलेल्या गोष्टी आपण मोजत नाही, सुटल्यावर त्या आठवतात. विश्रांतवाडीत राहणाऱ्याला लोहगावचा विमानतळ काही किलोमीटरवर आहे. विमाननगरचा फिनिक्स मॉल रिक्षाच्या अंतरावर आहे. आळंदी रस्त्यावर फुलेनगरचं आरटीओ आहे. येरवड्यात महापालिकेचं राजीव गांधी रुग्णालय आहे, आणि थोडं पुढे गेलं की ससून आणि मोठी खासगी रुग्णालयं आहेत.

पाण्याची रड होती, पण जानेवारी २०२१ मध्ये भामा आसखेडची योजना सुरू झाली आणि शहराच्या या पूर्वेकडच्या भागाला तिचं पाणी मिळू लागलं.

शिवाय दिघी, कळस, खडकी हा सगळा पट्टा लष्कराचा आणि संरक्षण संस्थांचा. त्यामुळे विश्रांतवाडी-धानोरीत निवृत्त जवान आणि केंद्रीय कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी कँटीन, ईसीएचएस किंवा सीजीएचएस ही रोजच्या जगण्यातली सोय आहे. सीजीएचएसची केंद्रं देशातल्या मोजक्याच शहरांत आहेत आणि पुणे त्यातलं एक आहे.

म्हणजे प्रश्न फक्त ‘तिथे काय मिळतं’ एवढाच राहत नाही. ‘इथलं काय सुटतं’ हेही बघावं लागतं.

सोयींचे चार कप्पे करा

सगळ्या सोयी एका यादीत टाकल्या की गोंधळ होतो. त्यापेक्षा चार कप्पे करा. पहिल्यात रोज लागणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात महिन्याला लागणाऱ्या, तिसऱ्यात वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या आणि चौथ्यात अडीनडीला लागणाऱ्या. आता एकेक कप्पा उघडू.

पहिला कप्पा : भाजी, दूध, मासळी

इथे समुद्रकाठचं शहर बऱ्याचदा पुण्यापेक्षा सोपं जातं. रत्नागिरी नगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ७६ हजार होती. त्याच वेळी पुणे महापालिका ३१ लाखांवर होती. गाव लहान असलं की राम आळीतली खरेदी, गोखले नाक्यावरचं काम आणि मारुती मंदिराची चक्कर एकाच सकाळी उरकते. मासळी खाणाऱ्यांसाठी मिरकरवाडा बंदर आहे. पणजीत शहराचं मार्केट आहे आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट भाजीची. किनाऱ्यावरची बरीचशी भाजी घाटावरून येते. रत्नागिरीला कोल्हापूरकडून, गोव्याला मुख्यतः बेळगावकडून. म्हणून पालेभाजीचा ताजेपणा आणि भाव पुण्यासारखेच असतील, असं धरून चालू नका. गोव्यात फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात भाजी मिळते, तो एक आधार आहे.

दुसरी गोष्ट मासळीची. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत समुद्र समोर असतो, पण ताटात सुकट-बोंबील किंवा खाडीची मासळी येते. कोकणातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पुण्याहून नव्याने गेलेल्या माणसाला मात्र हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरा कप्पा : किराणा, कपडे, वस्तू

मॉलचा प्रश्न या कप्प्यातला. आणि गेल्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त सुटलेला प्रश्नही हाच.

कपडे, पुस्तकं, मिक्सर, मोबाइल, चष्म्याची फ्रेम हे सगळं आता कुरिअरने घरपोच येतं. पुण्यात दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तिथे तीन-चार दिवस लागतील, एवढाच फरक. दहा मिनिटांत किराणा देणाऱ्या सेवांचं गणित वेगळं आहे. त्या जवळच्या गोदामावर चालतात, आणि गोदाम तिथेच उघडतं जिथे थोड्या जागेत भरपूर ऑर्डर मिळतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल ऐकीव माहितीवर जाऊ नका. जे घर घ्यायचंय त्याचा पिनकोड अ‍ॅपमध्ये टाका, उत्तर लगेच मिळेल.

वस्तू येते, पण ती दुरुस्त करणारा माणूस कुरिअरने येत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत एसीची बाहेरची जाळी, फ्रिजचा पत्रा, गाडीचा तळ, खिडक्यांचे लोखंडी गज हे सगळं पुण्यापेक्षा लवकर गंजतं. पुण्यात सात-आठ वर्षं बिनतक्रार चाललेली वस्तू तिथे आधीच मेकॅनिक मागते. म्हणून फ्रिज, एसी, इन्व्हर्टर घेताना कंपनीचा दुरुस्तीवाला त्या शहरात बसतो, की कोल्हापूरहून येतो, हे विचारा.

तिसरा कप्पा : वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या गोष्टी

लग्नाची खरेदी, सोनं, मोठं फर्निचर, मुलं-नातवंडं परदेशात असतील तर विमानप्रवास. यासाठी दरवेळी पुण्याला किंवा कोल्हापूरला जावं लागलं तरी बिघडत नाही. वर्षातून दोनदा मॉलला जायचं म्हणून मॉलशेजारी राहायची गरज नसते.

विमानाच्या बाबतीत पणजी उजवं आहे. दाबोळी आहेच, शिवाय मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. रत्नागिरीकरांचा भर कोकण रेल्वेवर आणि रस्त्यावर. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून रत्नागिरीला थांबते. पुण्याहून जाताना मात्र आंबा घाट किंवा रखडत आलेला मुंबई-गोवा महामार्ग, यांपैकी एकाशी गाठ पडते.

चौथा कप्पा : अडीनडीला. निर्णय इथे होतो

पक्षाघाताचा झटका आला, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात तर मिनिटं मोजली जातात.

आता नकाशा बघा. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. तीन तास सहज जातात. अ‍ॅम्ब्युलन्स यायचा वेळ आणि स्कॅनचा वेळ धरला, की साडेचार तासांतलं काय उरतं ते तुम्हीच मोजा. म्हणजे झटक्याचा पहिला उपचार त्याच शहरात मिळायला हवा. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. ही मोठी सुधारणा आहे. तरी घर घेण्याआधी शहरातल्या दोन-तीन रुग्णालयांत स्वतः जाऊन विचारा. रात्री २ वाजता सीटी स्कॅन होतो का? अँजिओप्लास्टी होते का, की फक्त दिवसा? मेंदूविकारतज्ज्ञ रोज असतात, की आठवड्यातून एकदा बाहेरून येतात?

पणजीची बाजू इथे मजबूत दिसते. जवळच बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला तिथे सगळे ‘गोमेकॉ’ म्हणतात. त्याची सुरुवात १८४२ मध्ये पोर्तुगीज काळात झाली. हृदयविकाराच्या झटक्यासाठी छोट्या सरकारी रुग्णालयांना गोमेकॉशी जोडणारा प्रकल्पही गोव्यात चालतो.

पण इथे एक खाच आहे, जी रीलमध्ये कुणी सांगत नाही.

राज्याची सीमा ओलांडली की सोयी पूर्ण तुमच्या नसतात

गोमेकॉमध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतलं जातं. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मिळायला गोव्यात किमान ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे साठाव्या वर्षी तुम्ही पणजीला गेलात, तर पासष्टीपर्यंत रुग्णालय शेजारी असलं तरी खिसा आणि खासगी विमा तुमचाच.

याउलट रत्नागिरीला गेलात, तर राज्य तेच राहतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यभर चालते. वीज महावितरणचीच. गाडीचंही तसंच. पुण्याची गाडी रत्नागिरीत बिनदिक्कत चालवता येते. परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी आणि मग तिकडचा रस्ता कर.

थोडक्यात, पणजीत सोय जास्त आहे पण तिच्यावरचा हक्क उशिरा मिळतो. रत्नागिरीत सोय कमी आहे पण हक्क पहिल्या दिवसापासून आहे. तब्येत धडधाकट असेल आणि विमा भक्कम असेल, तर पणजीचा विचार करता येईल. घरात आधीच हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल, तर दोन्हीकडे कागद-पेन घेऊन हिशोब करा. ईसीएचएस, सीजीएचएसवाल्यांनी तर नव्या शहरात जवळचं केंद्र कुठे आहे आणि कोणती रुग्णालयं पॅनलवर आहेत, हे लेखी बघितल्याशिवाय घराचं टोकन देऊ नये.

डिसेंबरात बघू नका, जुलैत बघा

बहुतेक लोक घर बघायला डिसेंबरात जातात. हवा छान, समुद्र शांत, रस्ते कोरडे. पण सोयींची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर. घाटात दरड आली की भाजीची गाडी आणि अ‍ॅम्ब्युलन्स दोन्ही अडकतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा आंबा घाटही दरडींमुळे बंद पडला होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या काही भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. घरून काम करणाऱ्याला विजेशिवाय एक आठवडासुद्धा परवडत नाही.

गंमत म्हणजे एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते. उतार तीव्र असल्यामुळे कोकणात पडलेलं पाणी झरझर समुद्राला मिळतं. रत्नागिरी शहर शीळ धरणावर अवलंबून आहे आणि मे महिन्यात दिवसाआड पाणी यायची वेळ येते. म्हणून दुसरी चक्कर मे महिन्यात मारा आणि सोसायटीत टँकर किती येतात ते विचारा.

मग जायचं की नाही?

जायला काहीच हरकत नाही. तासभर सिग्नलवर न घालवता संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला मिळणं, ही पण एक सोयच आहे आणि ती कोणत्याही अ‍ॅपवर मागवता येत नाही. फक्त क्रम नीट लावा. आधी डॉक्टर, मग पाणी आणि वीज, मग रस्ता, मग दुरुस्तीची माणसं आणि सगळ्यात शेवटी मॉल.

शिवाय विश्रांतवाडीतलं घर लगेच विकू नका. ते भाड्याने द्या आणि तिकडे भाड्याने राहा. मे ते ऑगस्ट हे चार महिने काढा. तेवढ्यात एक उन्हाळा, एक पावसाळा, मासेमारी बंदी आणि निदान एक तापाचं आजारपण होऊन जाईल. त्यानंतरही तिथेच राहावंसं वाटलं, तर घर घ्या. नाही वाटलं, तर परत यायला दार उघडं आहे. घर विकून गेलेल्या माणसाला ते दार पुन्हा उघडणं फार महाग पडतं.

तुमच्या ओळखीत कुणी पुण्याहून किनाऱ्यावर राहायला गेलं असेल, तर त्यांना एकच प्रश्न विचारा : ‘जुलैत कसं होतं?’ आणि उत्तर आम्हालाही कमेंटमध्ये सांगा.