पीळ, गाठ आणि नंदुरबारचे वाणी

इअरफोनची वायर खिशात नीट गुंडाळून ठेवली तरी बाहेर येताना गाठ घेऊनच का येते? कॅलिफोर्नियातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी या प्रश्नाचा रीतसर छडा लावला. डब्यात दोरी टाकायची, डबा गरागरा फिरवायचा आणि काय होतं ते पाहायचं. असं त्यांनी तीन हजारांहून जास्त वेळा केलं. काही सेकंदांतच गाठी पडत, त्याही शंभरावर निरनिराळ्या तऱ्हांच्या. दोरी आखूड असली तर मात्र गाठ क्वचितच. २००७ साली हा निबंध छापून आला आणि पुढच्याच वर्षी त्याला इग्नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. हसायला हरकत नाही, पण आपल्या शरीरातली दोरी काही आखूड नाही.

आपल्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. तिथे गाठींपेक्षा अवघड प्रकरण आहे पिळाचं. सुंभाचे दोन पदर मध्येच धरून फाकवा, पुढचा पीळ आणखी घट्ट होतो. पेशीला डीएनएची नवी प्रत काढताना त्याच्या दोन पदरांचं नेमकं हेच करावं लागतं. मग हा पीळ सुटतो कसा? जेम्स वँग यांना १९७१ मध्ये जिवाणूत एक प्रथिन सापडलं. ते एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेली टोकं पुन्हा जोडतं. अशा प्रथिनांना टोपोआयसोमरेझ म्हणतात. नाव जिभेला पीळ पाडणारं आहे, पण काम मात्र एकदम सफाईचं!

आता या प्रथिनांशी नातं असलेल्या एका औषधासाठी नंदुरबारकडे वळू. मनसुख वाणी १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. (पुढे टॅक्सॉल जगापुढे आणलं तेही याच जोडीनं. एका माणसाला एवढं पुरे नाही का?) कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारतं हे दिसत होतं, पण कसं, हे कळायला १९८५ उजाडलं. ते आपल्या पेशीतल्या टोपोआयसोमरेझला डीएनए कापू देतं, पण जोडू देत नाही. पेशी प्रत काढायला जाते, तुटक्या जागी अडते आणि मरते. इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही याच घराण्यातली औषधं. आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ती आजही देतात.

कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. फुलांना घाण वास, लाकूड सरपणाच्या तोलाचं, म्हणून पूर्वी कोणी ढुंकून पाहत नसे. भाव कळला आणि कोकण-कोल्हापूरच्या रानांतून झाडंच्या झाडं चोरून तुटू लागली. ज्या झाडावर माणसाचा जीव वाचवणारं औषध अवलंबून आहे ते किलोच्या भावानं विकणं हा शुद्ध करंटेपणा आहे. तुमच्या गावात कोणी नरक्याच्या लाकडाची चौकशी करत आलं, तर वनखात्याला कळवा.