जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : आधी पुरावा, मग पाना

जुनी वस्तू जतन करणे आणि जुन्या वस्तूला नवी झळाळी देणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. देवळांच्या जीर्णोद्धारात हा फरक वारंवार अनुभवास येतो. कोरीव पाषाणावर तैलरंगाचे थर चढतात, भाविकांना समाधान लाभते आणि शिल्पकाराच्या छिन्नीची खूण मात्र लोपून जाते. जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या वाट्यालाही पुष्कळदा हेच येते. हौस असते, पैसाही असतो. उणीव असते ती अभ्यासाची.

हा अभ्यास किती सूक्ष्म असावा लागतो, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे जग्वार कंपनीची ‘ई-टाइप’. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम जगासमोर आली. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून अशा ७० हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. परंतु त्या सर्व एकसारख्या नव्हत्या. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बॉनेटची कुलपे बाहेरच्या बाजूस होती आणि ती स्वतंत्र किल्लीने उघडावी लागत. आरंभीच्या गाड्यांचा तळ सपाट होता. पाय ठेवण्यास जागा अपुरी पडते असे दिसून आल्यावर १९६२ मध्ये तो खोलगट करण्यात आला. बॉनेटवरील हवेच्या झडपा प्रथम वेगळ्या पत्र्यात करून जोडल्या जात. पुढे त्या बॉनेटच्या मूळ पत्र्यातच ठोकून काढल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये ३.८ लिटरच्या इंजिनाची जागा ४.२ लिटरच्या इंजिनाने घेतली. म्हणून ‘ई-टाइपचा योग्य भाग कोणता?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या चॅसी क्रमांकाच्या गाडीचा, हे आधी सांगावे लागते.

सुदैवाने साधने उपलब्ध आहेत. कंपनीच्या सुट्या भागांच्या सूचीत एखादा बदल कोणत्या चॅसी क्रमांकापासून झाला, ह्याची नोंद आढळते. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांच्या आधारे जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट प्रमाणपत्र देते. त्यात चॅसी व इंजिनाचे क्रमांक, मूळ रंग, अंतर्भागाचा रंग आणि गाडी कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख नमूद असते. तथापि सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे ती गाडी स्वतः. डॅशबोर्डाच्या मागे, रबरी पट्टीच्या खाली, आसनाच्या आड मूळ रंगाचा एखादा पट्टा टिकून असतो. बोल्टच्या माथ्यावर निर्मात्याची खूण असते, कोपऱ्यात जुन्या मुलाम्याची छटा उरलेली असते. गाडी खोलण्यापूर्वी ह्या साऱ्याची छायाचित्रे घेणे आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवणे हे खर्चाचे काम नव्हे, संयमाचे आहे. एकदा वाळूचा फवारा पत्र्यावर फिरला की तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

‘एका बोल्टकडे कोण पाहतो?’ असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली मिळाले. १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ले मान्सची शर्यत जिंकलेली बेंटले ‘ओल्ड नंबर वन’ सुमारे एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला होता. पुढे ग्राहकाने ती मूळ गाडी नव्हेच, असा वाद उपस्थित केला. भाग वेळोवेळी बदलले गेले असले तरी गाडीचा इतिहास अखंड आहे, ह्या आधारावर न्यायालयाने तिची अस्सलता मान्य केली. निकाल फिरला तो चकाकीवर नव्हे, तर कोणता भाग केव्हा व का बदलला ह्याच्या साखळीवर. भारतातही हा विषय निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळण्यासाठी ते मूळ स्वरूपात राखलेले असणे आवश्यक आहे.

मात्र शुद्धतेचा अतिरेकही टाळावयास हवा. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असे. अस्सलतेच्या नावाखाली ते पुन्हा बसविणे हा शहाणपणा नव्हे. कॅडमियमचा मुलामा मूळचा असला तरी तो धातू विषारी आहे. तेथे जस्ताचा मुलामा पत्करणे क्षम्य ठरते. दुसरा अतिरेक त्याहून सूक्ष्म आहे. कारखान्यात जे कधीच नव्हते असे आरशासारखे तेज आणि सर्वत्र तंतोतंत जुळणाऱ्या फटी देऊन गाडी ‘मूळ रूपात’ आणल्याचे सांगणे, ही एक प्रकारची दिशाभूलच होय. आणि ज्या गाडीचा मूळ रंग फिकट का होईना पण शाबूत आहे, तिला हात न लावणे हाच उत्तम जीर्णोद्धार. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेनेही जतनास असेच अग्रस्थान दिले आहे.

सारांश, मूळ भाग मिळाला नाही तर नवा बसविण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ते लपविण्यात. खतावणीत जमेची नोंद जितक्या निष्ठेने होते, तितक्याच निष्ठेने खर्चाचीही व्हावी लागते. जीर्णोद्धार करणाऱ्यानेही काय मूळचे राखले, काय नवे घातले आणि कोणत्या आधाराने, ह्याची वही ठेवावी. गाडी कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती जाते. त्या वेळी किल्लीसोबत ती वहीही सुपूर्द झाली, तरच वारसा खऱ्या अर्थाने पुढे गेला असे म्हणता येईल.