शेजारधर्माला प्रेम म्हणू नका

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या साध्या माणसांविषयीचं पुस्तक आपल्याकडे अनुवादातून आलं, की त्यात ‘प्रेम’ हा शब्द पिठीसाखरेसारखा भुरभुरलेला सापडतो. शेजाऱ्यांचं एकमेकांवर प्रेम होतं, गाव म्हणजे एक कुटुंब होतं, मग पैसा आला आणि सगळं विसकटलं. माझ्या एका मसुद्यातला ‘शेजारधर्म’ संपादकांनी खोडला आणि तिथे ‘शेजारप्रेम’ लिहिलं. कारण काय, तर ‘धर्म’ शब्दाने वाचक बिचकेल! शेजारधर्मातला धर्म कुठल्या देवळातला किंवा चर्चमधला नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वाडीत किंवा चाळीत राहून पाहावं.

त्या काळच्या इंग्रजीत ‘नेबरहुड’ म्हणजे नुसता परिसर नव्हता. शेजाऱ्याशी वागण्याची रीत हाही त्याचा अर्थ होता. ‘चॅरिटी’ म्हणजे आपसांत वैर नसण्याची स्थिती. ती पुढे दान देण्याच्या कृतीपुरती आक्रसत गेली, हे जॉन बॉसी या इतिहासकाराने दाखवलं आहे. 1549च्या प्रार्थनापुस्तकात पाद्र्याला सूचना आहे, की ज्या दोघांत द्वेष धुमसताना दिसेल त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनाला येऊ देऊ नये. म्हणजे मनात काय आहे यापेक्षा गावाला काय दिसतं आहे, याचा हिशेब होता. याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग वाचकाच्या डोळ्यांसमोर चुकीचंच चित्र उभं राहणार.

‘हेल्प-एल’ घ्या. अडचणीत आलेला माणूस एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनवायचा आणि शेजाऱ्यांना बोलवायचा. शेजारी येऊन प्यायचे, मजा करायचे, आणि पेल्याला नेहमीपेक्षा जास्त पैसे मोजायचे. लग्नाच्या वेळी याच धर्तीवर ‘ब्राइड-एल’ व्हायची. जूडिथ बेनेट यांचा 1992चा लेख याच प्रथेवर आहे. यात कोणी हात पसरला नाही आणि कोणी भीक घातली नाही. आज पिणारा उद्या स्वतः एल मांडून बसू शकत होता. आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात ती का, हे ज्याला कळतं त्याला ही रीत कळायला वेळ लागू नये. इर्जिकीत शेजारी आपापली औतं घेऊन शेतावर येतात आणि शेतमालक त्यांना जेवू घालतो. तिथे प्रेम असेलही, पण औत मात्र यावंच लागतं.

तीच गोष्ट पैशाची. क्रेग मुल्ड्र्यू यांनी 1998च्या पुस्तकात दाखवलं, की नाणी दुर्मिळ असल्यामुळे बहुतेक खरेदी-विक्री उधारीवर चाले, आणि ‘क्रेडिट’ या शब्दात उधारी आणि अब्रू दोन्ही सामावलेल्या होत्या. अनुवादकाचं भाग्य असं, की मराठीत ‘पत’ हा शब्द नेमका तेवढंच सांगतो. हेच लोक एकमेकांना सर्रास कोर्टातही खेचत. त्यात कुठे विसंगती नाही. जिथे सगळेच सगळ्यांचे देणेकरी, तिथे भांडण हाही शेजाराचाच भाग.

गोडव्याचा आग्रह धरणारे दोन गोष्टी हमखास गाळतात. एक, रीत मोडणाऱ्याची निघणारी धिंड : भांडी बडवत, घोड्यावर किंवा दांडक्यावर उलटं बसवून. दुसरी, चेटकिणीचा आरोप. रेजिनल्ड स्कॉट याने 1584मध्येच लिहून ठेवलं होतं, की या म्हाताऱ्या दूध, यीस्ट, थोडं कालवण मागत दारोदार फिरतात. पुढे ॲलन मॅकफार्लेन (1970) आणि कीथ थॉमस (1971) यांनी त्यातली गाठ उकलली. म्हातारी मागायला आली, तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं, मग घरात मूल आजारी पडलं किंवा गाय दगावली, आणि नाही म्हणणाऱ्यानेच तिच्याकडे बोट दाखवलं. सगळे आरोप असेच नव्हते, नंतरच्या अभ्यासकांनी या मांडणीला मुरड घातली, हे खरं. पण नाही म्हणणाऱ्याला अपराधी का वाटावं? कारण मागण्याचा तिला अधिकार होता, हे त्याला मनातून पटलेलं होतं. ‘शेजारप्रेम’ हा शब्द वापरून हे वाक्य लिहून दाखवा.

1598 आणि 1601च्या कायद्यांनी गरिबांचा भार पॅरिशच्या करावर टाकला. उपासमारीतून त्याने अनेकांना वाचवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेजारी कोण, याची सीमाही मग कागदावर आली. 1662च्या कायद्याने, पुढे आपल्यावर भार पडेल अशा परक्या माणसाला हाकलण्याची सोय झाली. गरोदर गरीब बायकांना मूल जन्मायच्या आत हद्दीबाहेर काढलं जाई, कारण मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशच्या माथी त्याचा खर्च. 1697पासून मदत घेणाऱ्यांनी बाहीवर ‘पी’ आणि पॅरिशचं आद्याक्षर शिवायचं होतं.

तो बिल्ला शिवणारी बाई आणि एल मांडून बसलेला तिचा आजा, दोघांच्याही वाट्याला आपण एकच ‘प्रेम’ लिहिणार असू, तर मूळ पुस्तक वाचण्याची तसदी तरी कशाला घ्यायची? पुढच्या मसुद्यात मी ‘शेजारधर्म’ परत घातला आहे. ‘हेल्प-एल’ तशीच ठेवली आहे.