त्या वर कशाला गेल्या होत्या?

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मुलीने एक इंग्रजी कादंबरी घरी आणली. नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. इंग्रजी वाचते, पण डिक्शनरी जवळ ठेवून. गोंदियाच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे पुस्तक वाचून झालं. मग ते जाऊबाईंकडे गेलं, शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये गेलं, आणि प्रत्येकाचं मत माझ्याकडे परत येत राहिलं. त्या मतांबद्दलच आज लिहायचं आहे.

कादंबरी 1892 च्या मुंबईतली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. अर्धा इंग्रज, अर्धा हिंदुस्तानी असा कॅप्टन जेम्स अग्निहोत्री जखमी होऊन पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडलेला असतो. शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचतो. वर्तमानपत्रात त्याला एका पारशी तरुणाचं पत्र दिसतं. त्या तरुणाची बायको आणि बहीण विद्यापीठाच्या टॉवरवरून पडून मेल्या आहेत, आणि ज्याच्यावर खटला चालला तो सुटला आहे. कॅप्टन तपास हाती घेतो.

यामागची घटना खरी आहे. एप्रिल 1891 मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. एक बचुबाई, अर्देशीर गोदरेज यांची पत्नी, आणि दुसरी त्यांच्या नात्यातली पिरोजबाई. माणेकजी नावाच्या पारशी तरुणावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. वर नेमकं काय घडलं ते कोर्टात सिद्ध झालंच नाही. याच अर्देशीर यांनी 1897 मध्ये कुलपांचा कारखाना काढला. आपल्या घरोघरी गोदरेजचं कपाट असतं, पण ही गोष्ट माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हती.

आता वाचकांची मतं. आमच्या एका सरांना कादंबरी मधे लांबलेली वाटली. खून मुंबईत आणि कॅप्टन फिरतो उत्तरेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. जाऊबाईंना तपासापेक्षा कॅप्टन आणि पारशी घरातल्या डायना यांचं प्रेम आवडलं. जातीबाहेरचं लग्न तेव्हाही तितकंच अवघड होतं, म्हणाल्या. एका तरुण शिक्षकाला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. संशयितांमध्ये अकबर, बेग ही नावं कशाला? खटकलं मलाही. पण माणेकही त्याच यादीत आहे, आणि खरा खटला तर पारशावरच चालला होता. नुसती नावं मोजत बसलो तर पुस्तक वाचायचं राहून जातं, असं मी त्याला सांगितलं.

पण एका बाबतीत या सगळ्यांचं एकमत होतं. गोष्ट ऐकल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला, “पण त्या दोघी वर गेल्याच कशाला?” सरांनी विचारला, जाऊबाईंनी विचारला. खरं सांगते, पहिली पन्नास पानं वाचताना माझ्याही मनात तोच होता.

हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मी नववीत असताना मोहल्ल्यातल्या एका मुलीची बाजारातून परतताना छेड काढली गेली. छेड काढणारे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. ते पुढेही त्याच पानठेल्यावर बसत राहिले. बंद झालं ते आम्हा पाच मैत्रिणींचं वाचनालयात जाणं. अम्मीने बाजू घेतली, अब्बांनी मान खाली घालून “जमाना खराब है” एवढंच म्हटलं. त्या मुलीला लोक विचारत होते, एवढ्या उशिरा गेलीस कशाला? तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

हा प्रश्न चौकशीचा वाटतो, पण असतो तो निकाल. उत्तर तर साधं आहे. 1878 मध्ये पुरा झालेला, 280 फूट उंच टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसा दिलेला. वरून समुद्र दिसतो, शहर दिसतं. दोन तरुण मुली शहर बघायला गेल्या. अजून काय कारण लागतं? 1891 च्या मार्चमध्येच संमतिवयाचा कायदा झाला होता, मुलींची वयोमर्यादा दहावरून बारा झाली होती, आणि त्यावर पुण्या-मुंबईतले पुरुष कडाडून भांडत होते. त्या भांडणात मुलींना कुणी काही विचारलं नव्हतं.

तपास करणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. वर आणखी कोण होतं? खाली कोण आलं? कुणी काय पाहिलं? कॅप्टन अग्निहोत्री हे प्रश्न विचारतो, म्हणून मला कादंबरी आवडली. कोर्टाने मोकळी सोडलेली जागा लेखिकेने कल्पनेने भरली, हे काहींना मेलेल्यांवर अन्याय वाटेल. मला नाही वाटत. तिने कुटुंबाचं आडनाव बदललं आहे, आणि बोट मेलेल्या मुलींकडे वळवलेलं नाही. तक्रार एकच, त्या दोघी मला अजून भेटायला हव्या होत्या.

जुलैमध्ये मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला. हॉस्टेलचा फॉर्म आठ दिवस टेबलावर पडून होता. यांनी काही म्हटलं नाही, अडून बसले होते ते माझेच हात. भीती आहे, ती जाणारही नाही. शेवटी मी सही केली. फुफी म्हणाल्या, “इतक्या लांब कशाला?”

मी म्हटलं, “शिकायला, फुफी.”