पैलतीर नसलेली नाव

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, एक सजवलेली नाव सोडावी, तीत सायंकाळी दिवे लावून जेवणाची पंगत मांडावी आणि वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या प्रवाशाला छत्रपती संभाजीनगरात आणखी एक मुक्काम करायला लावावा, ही तजवीज आमच्या मित्रमंडळींत दर दिवाळीनंतर, म्हणजे धरण काठोकाठ भरलेले असते आणि शहराच्या नळांना मात्र पूर्ववत दिवसांमागून दिवस पाणी नसते अशा काळात, हटकून निघते. आणि तिला विरोध करणारा मी एकटाच असल्यामुळे माझी गणना विकासाच्या शत्रूंत केव्हाच होऊन चुकली आहे.

हा विरोध मी घरबसल्या करीत नाही. पुतण्या नोकरीनिमित्त दुबईस असतो. त्याच्या आग्रहास्तव आम्ही उभयता तिकडे गेलो असता, उंच इमारती, सोन्याचा बाजार, वाळवंटातील मोटारसफर हे सर्व सोपस्कार उरकल्यावर सहलीचा मुकुटमणी म्हणून त्याने ‘धाऊ क्रूझ’ राखून ठेवली होती. धाऊ हा शब्द युरोपीय लोकांनी अरबी समुद्रातील यच्चयावत शिडाच्या जहाजांना सरसकट लावून टाकलेला. खुद्द अरबांपाशी बगला, बूम, संबूक अशी आकारागणिक नावे आहेत, जशी आपल्या कोकणपट्टीत गलबत, गुराब, शिबाड, पडाव, मचवा, बतेला ही आहेत. आणि तिकडच्या जहाजांना लागणारा साग शतकानुशतके मलबारातून जात आला. तेव्हा ज्या जातीच्या जहाजाने मोसमी वारा ओळखून दोन किनाऱ्यांचा संसार चालविला, त्यावर आपण पाऊल ठेवणार, या भावनेने मी काहीसा सद्गदित होऊनच खाडीच्या धक्क्यावर उभा राहिलो.

खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, देऊन स्वागत झाले, येथवर सर्व यथास्थित होते. मग आम्हांस खालच्या मजल्यावरील वातानुकूलित दालनात, काचेलगतच्या मेजावर बसविण्यात आले. काचेबाहेर दुबईची खाडी असावी. परंतु आत दिव्यांचा असा काही लखलखाट होता, की काचेत खाडी दिसण्याऐवजी आमचीच पंगत दिसे: मी, माझ्यामागे वाढपाची रांग, आणि रांगेत हातात ताट घेऊन उभे राहिलेले, आपापल्या पूर्वजांप्रमाणेच दूरदूरच्या देशांहून आलेले स्त्रीपुरुष. शाकाहारी मंडळींसाठी निराळे मेज होते आणि त्यावर पनीर, पिवळी डाळ आणि जिरा राईस हे, आमच्या जालना रोडवरील कोणत्याही हॉटेलात मिळणारे त्रिकूट होते. झगमगत्या दिव्यांचा घेरदार घागरा घातलेला एक नर्तक गरगर फिरला. त्यानंतर हिंदी चित्रपटगीते लागली. नाव केव्हा सुटली हे मला कळले नाही. पत्नीने पलीकडचा एक दिवा सरकताना पाहिला म्हणून, नाहीतर दोन तास आपण धक्क्यालाच बांधलेले होतो अशी साक्ष मी शपथेवर दिली असती.

ताटे उचलायला आलेला तरुण आमचे बोलणे ऐकून थबकला. दापोली तालुक्यातला निघाला. वडील हर्णैला मचव्यावर तांडेल होते. मी त्याला डोलकाठीविषयी विचारले, तर तो हसून म्हणाला, “काका, तिला शीड नाही. ती फक्त दिव्यांच्या माळा बांधायला. इथं वाऱ्याकडं बघायचं कामच नाही. कुणाचं ताट रिकामं झालं, तेवढं बघायचं.” सुकाणूवर कोण आहे, असे विचारता त्याने वर बोट केले आणि आपण त्याला कधी पाहिले नसल्याचे सांगितले. दोन तासांनी आम्ही ज्या धक्क्यावरून चढलो होतो, त्याच धक्क्यावर, त्याच पायरीवर उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुतण्या कामावर गेल्यावर, आम्ही दोघेच खाडीवर परत गेलो आणि अब्रा नामक लहानशा लाकडी होडीत बसलो. बर दुबईहून समोरच्या देऱ्यास नेणारी ही होडी. भाडे एक दिरहॅम. तिच्या मधोमध एक लांब बाक असतो, त्यावर उतारू पाठीला पाठ लावून बसतात, म्हणजे झाडून सर्वांची तोंडे पाण्याकडे होतात, आणि होडीवाला मधल्या खळग्यात उभा राहून पायाने वा हाताने सुकाणू फिरवितो. माझ्या शेजारी डबा मांडीवर घेतलेला मजूर होता, पलीकडे भाजीची पिशवी घेतलेली बाई होती. काही मिनिटांचा तो प्रवास. परंतु पाण्याचे शिंतोडे तोंडावर आले, इंजिनाचा धूर नाकात गेला, मासळीचा वास आला, आणि उतरलो तेव्हा आम्ही निराळ्या काठावर होतो.

या दोन नौकांतील भेद केवळ दराचा वा थाटाचा आहे असे मला वाटत नाही. नावेचा धर्म तारून नेण्याचा आहे. जेवणाच्या नावेला पैलतीरच नसतो; ती निघते ती परत येण्यासाठी, आणि त्या अवधीत प्रवाशाला पाण्याकडे पाहण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून त्याच्यापुढे ताट आणि नाच ठेवला जातो. गोव्यात पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून मांडवीत सायंकाळी ज्या बोटी सुटतात, त्यांवर देखणी हा नृत्यप्रकार हटकून सादर होतो. देखणीच्या त्या सर्वांत प्रसिद्ध गीतात एक कलावंतीण, दामूच्या लग्नाला जायचे म्हणून, आपल्याला पलतडीला पोहोचवावे अशी नावाड्याला विनवणी करते, अंगावरचे दागिने काढून देऊ करते. तो नकार देत राहतो. नदी ओलांडण्याची ही व्याकूळ धडपड, जी बोट नदी ओलांडणारच नाही तिच्यावर, ध्वनिवर्धकातून, आठवड्याचे सातही दिवस गायिली जाते, आणि आपण टाळ्या वाजवितो. असो.

प्रतिपक्षाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. केरळातील केट्टुवल्लम ही भाताची पोती वाहणारी नाव; खिळा न मारता, फळ्या काथ्याने शिवून केलेली. रस्ते झाले, ट्रक आले, तिचा धंदा बसला, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अलप्पुळेच्या मंडळींनी तिच्यावर खोल्या चढवून तिची हाउसबोट केली नसती, तर ती शिवणारे सुतार आज उरले असते की नाही याची शंका आहे. पर्यटकाच्या जेवणाने एक कारागिरी जगली, हे मला मान्य आहे. परंतु तेथील एक दस्तूर आमचे तजवीजकार सांगत नाहीत: सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास हाउसबोटी काठाला लावाव्या लागतात, कारण त्यानंतरचे पाणी मासेमारांच्या जाळ्यांचे. जेथे हा विवेक सुटला, तेथे काय झाले हेही त्याच राज्याने पाहिले आहे. 7 मे 2023 रोजी तानूर येथे मासेमारीच्या नावेचे रूपांतर करून केलेली दुमजली पर्यटन-नौका, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन, अंधार पडताना उलटली आणि 22 जण बुडाले.

आमच्या जिल्ह्याचे आणि नौकेचे नाते नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्यांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, आणि पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा कर्ता नमूद करतो, की पैठणचे अकीक गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या मुलुखातून, भडोच बंदरापर्यंत जात. अजिंठ्याच्या भिंतीवर तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. त्या चित्रावरून, केरळच्या कारागिरांकडून फळ्या शिवून घेऊन, बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून निघून, इंजिनावाचून, वाऱ्यावर मस्कतला जाऊन पोहोचली. मित्रांच्या बैठकीत ही वार्ता निघाली तेव्हा एकाने तत्काळ सुचविले, की तशीच एक प्रतिकृती नाथसागरात ठेवावी आणि तीत बुफे लावावा. जे जहाज समुद्र ओलांडून दाखविते, त्याचे आम्हांला उपाहारगृहच सुचावे, हे मला फार जिव्हारी लागले.

आता खुद्द नाथसागराविषयी. लालबहादूर शास्त्री यांनी 1965 मध्ये जायकवाडी धरणाची कोनशिला बसविली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जवळपास 10 किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, 27 दरवाजे, सुमारे 102 टीएमसीचा साठा, आणि त्या साठ्याखाली गेलेली शंभराहून अधिक गावांची जमीन. 1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात येथे रोहित, चक्रवाक, पट्टकादंब उतरतात, म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत प्रवासी येतात त्याच महिन्यांत. आणि हेच आमचे पिण्याचे पाणी. मलिक अंबरच्या नहरींपासून पाणी ही वस्तू मोजून घेण्याची आणि राखून वापरण्याची, असा ज्या शहराचा इतिहास, त्याने आपल्या एकुलत्या एका माठावर स्वयंपाकघर तरंगत ठेवावे, हे कोणत्या गृहिणीला पटेल? भोपाळच्या मोठ्या तलावाबाबत हाच प्रश्न उपस्थित झाला तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर 2023 मध्ये तेथील क्रूझ व यांत्रिक नौका बंद करण्याचा हुकूम दिला. तो तलावही त्या शहराचा माठच.

याहून मोठी तक्रार निराळीच आहे. धरणाने गावांमधील वाटा बुडविल्या, आणि फुगवट्याच्या दोन काठांवरील माणसांना नाव ही हौसेची नव्हे, गरजेची वस्तू झाली. उजनी धरणाच्या जलाशयात 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीला निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. सणावाराला, बाजाराला, नातलगांकडे जाणारी ती माणसे होती. जेवणाच्या नौकेसाठी धक्का, दिवे, निविदा, मक्ता आणि फीत कापण्याचा समारंभ इतक्या सर्वांची तरतूद कागदावर होऊ शकते, तर ओलांडणाऱ्या नावेसाठी डझनभर जीवरक्षक जाकिटांची का होऊ नये, याचे उत्तर मला कोणत्याही दप्तरात आढळलेले नाही. आणि नावाडी? पैठणच्या कहार-भोयांची नावे कागदोपत्री आली ती बहुधा अर्जदार म्हणून. नाथसागरावरील नियोजित तरंगत्या सौरप्रकल्पाविरुद्ध त्यांच्या एका समाजसंस्थेने मागितलेली दाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. निकाल शिरसावंद्य आहे. परंतु एकदा पाण्याचा पृष्ठभाग वाटून द्यायलाच निघालो, तर त्या वाटपात नावाड्याचा हिस्सा कोणता, हे विचारण्याची मुभा नागरिकास असावी.

मला विचाराल तर जेवण काठावर असू द्यावे. बाजरीची भाकरी, पिठले किंवा गोदेच्या मासळीचे कालवण, ज्याला जे रुचेल ते. आणि त्याआधी, सूर्य मावळण्याच्या तासभर अगोदर, अभयारण्याच्या मर्यादा पाळून, वल्ह्यांच्या लहान नावांतून, कहाराच्या हाती वल्हे आणि प्रत्येक उतारूच्या अंगात जाकीट अशी, पाठीला पाठ लावून बसविलेली फेरी असावी. तीतून फारसे उत्पन्न होणार नाही, हे मी जाणतो. माझ्या मित्रांनी ही योजना ऐकून, यात ‘काही दाखविण्यासारखे’ नाही, असा शेरा मारला.

गेल्या माघात गंगापूर तालुक्यात एका कार्यासाठी गेलो असता, काम लवकर आटोपले म्हणून गाडी रस्त्यात थांबवून फुगवट्याच्या एका फाट्याशी उतरलो. उन्हे कलली होती. एक वृद्ध गृहस्थ पत्र्याच्या नावेत जाळे पसरून त्याची गुंतागुंत सोडवीत बसले होते. बोटे इतकी सवयीची, की नजर जाळ्याकडे नव्हतीच, पाण्यावर होती. रात्री जेवणाची बोट येथे आली तर कसे, असे मी त्यांना विचारले.

“किती वाजता येईल?”

“सात-आठ वाजता.”

“तवा तर जाळी पडलेली असत्यात,” ते म्हणाले, आणि पुन्हा गाठ सोडवू लागले. मग थोड्या वेळाने, मी तसाच उभा असलेला पाहून, “साहेब, पल्याड घर हाय माझं. जाळं टाकत टाकत जातो. येता का? नातू आणून सोडील माघारी.”

मी पोहता येत नसल्याचे सांगितले. त्यांनी नावेच्या टोकाशी पडलेली, ठिगळे लावलेली ट्रकची एक फुगीर ट्यूब ओढून काढली, अंगठ्याने दाबून तीत हवा आहे ना हे पाहिले, आणि माझ्या बाजूला सरकवली. मी चपला हातात घेतल्या.