लोणारला जाऊन बघायचं काय?

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हापिसात जेवणाच्या टेबलावर सुट्टीचे बेत चालले होते. एक जण नैनीतालला निघाला होता, एकीची कोडाईकॅनालची तिकिटं निघाली होती. "डोंगरातलं, तळ्याकाठचं, जुनं गाव असलं की मन कसं शांत होतं," असं सगळ्यांचं एकमत झालं. मग गाडी माझ्याकडे वळली. "तू कुठे?" मी म्हटलं, "घरी, जालन्याला." "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" आणि मी दरवेळी देतो तेच उत्तर दिलं, "तिकडे काही नाही रे."

समोर बसलेला आमचा बंगळुरूचा टेस्टर म्हणाला, "लोणार तुमच्याकडेच ना?" त्याने कुठल्याशा माहितीपटात पाहिलं होतं. मी म्हटलं, "हो, जवळच आहे." तू पाहिलंयस का, असं त्याने सुदैवाने विचारलं नाही. कारण मी सहावीत शाळेच्या सहलीतून एकदा गेलो होतो आणि मला आठवत होती ती फक्त बसमध्ये झालेली उलटी.

तर भाऊबीज झाल्यावर बाबांना मागे बसवून मोटरसायकल काढली. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, पण आमच्या मंठा तालुक्याच्या अगदी शेजारी. जाताना सिंदखेडराजावरून गेलो, येताना मंठ्यावरून आलो.

आधी सांगून टाकतो, नैनीतालसारखे डोंगर तिथे नाहीत. सपाट माळ, कापूस, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं. थोडा चढ लागतो आणि पुढे जमीनच संपते. खाली सुमारे दीडशे मीटरवर गोल, हिरवट तळं, चारी बाजूंनी झाडीने भरलेले उतार. काठापासून काठापर्यंत जवळपास १.८ किलोमीटर. आपण डोंगर चढून तळ्याशी जातो, इथे माळावरून डोंगर उतरून जायचं. बाबा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या घरात हे सहसा होत नाही.

बराच काळ लोक याला ज्वालामुखीचं मुख समजत होते. दख्खनचा सगळा काळा दगड लाव्हाचाच, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने प्रश्न मिटवला. विवरात छिद्रं घेऊन काढलेल्या दगडांत प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच आणि बदललेली खनिजं सापडली. म्हणजे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं होतं. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानायचे. २०११ मध्ये आलेल्या मोजणीने ते पावणेसहा लाख वर्षांच्या घरात नेलं. चंद्र-मंगळावरच्या कित्येक विवरांचा दगडही असाच बेसॉल्ट, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात. आणि मी दोन तासांवर राहून "तिकडे काही नाही" म्हणत होतो. असो.

पण मला हा लेख लिहावासा वाटला तो उल्केमुळे नाही, गावामुळे. दगड पडला तेव्हा बघायला कोणी नव्हतं. नंतर माणसं आली आणि त्यांनी या खड्ड्याभोवती गाव वसवलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, विष्णूने लवणासुराला मारलं त्या कथेचं. गाभाऱ्यात मिट्ट काळोख, आणि वर पाहिलं की छतावर दगडात कोरलेल्या कथा. काठाजवळ धार आहे, गोमुखातून पडणारं गोडं पाणी. खाली तळ्याभोवती जुनी देवळं, काही पडकी, काही झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली. तळ्याच्या खारावर लोक पोट भरत. साबणाला, काचेला, बांगड्यांच्या धंद्याला इथला खार जायचा. आईने-अकबरीत या जागेचा उल्लेख आहे. म्हणजे १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली ती जगासाठी. गावाला ते आधीच ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येतो. लोणारचं पाणी खारट का? समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. कारण साधं आहे. या खड्ड्यात पाणी यायला वाटा आहेत: पाऊस, झरे, धार. वरून वाहून बाहेर जायला एकही नाही. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय, म्हणून पाण्याचा सामू दहाच्या आसपास. आमच्या भाषेत सांगायचं तर ही अशी सिस्टिम आहे जिच्यात राइट होतं, डिलीट होत नाही. असल्या डेटाबेसवर काम केलेल्यांना कळेल, तिथे एक चुकीची एंट्री गेली की ती तुमच्या नोकरीपेक्षा जास्त टिकते.

या खारातही जीव आहेत, नव्हे, खार आहे म्हणूनच आहेत. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, तळं गुलाबी झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर देवापासून चीनपर्यंत सगळी कारणं फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कळलं की क्षार आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने ते झालं होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत आलं. २००० सालापासून ते अभयारण्य आहेच.

आणि आता उलटं होतंय. गेल्या काही वर्षांत पाणी वाढत गेलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा कमळजादेवीच्या देवळाशी पाणी आलेलं होतं. गोडं पाणी जास्त आलं की खार पातळ होतो, आणि खारावर जगणाऱ्यांचं घर जातं. त्यात गावाचं सांडपाणी खाली उतरू नये म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वेळोवेळी आदेश दिले. एवढं सगळं असून उतारावरच्या पायवाटेला मला काय दिसलं? कुरकुऱ्यांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, आणि एका जुन्या देवळाच्या खांबावर खडूने लिहिलेलं बदामातलं नाव. हे गाववाल्यांनी टाकलेलं नाही. हे आपण टाकलंय, वीकेंडला येणाऱ्यांनी.

म्हणून माझं मत असं: लोणारला काठावर काही नवं बांधण्याआधी, आत जाणारं घाण पाणी शंभर टक्के थांबलं पाहिजे. मोठी हॉटेलं, काचेचे सज्जे, काठापर्यंत गाड्या हे सगळं त्यानंतर, आणि शक्यतो काठापासून लांब. नैनीतालचं तळं २०१७ मध्ये आटून किती खाली गेलं होतं ते आठवा. तिथे निदान तळं पुन्हा भरतं आणि पाणी बाहेर जातं. इथे जे पडलं ते पडलं.

हे मी धारेजवळ बसून मोठ्या तावातावाने बाबांना ऐकवलं. बाबा म्हणाले, "तुझं बरंय लेका. तू पुण्याला पळाला. इथल्या पोरांनी काय करायचं? खार विकायचा?"

च्यायला, उत्तर नव्हतं माझ्याकडे. जालन्याच्या माणसाने हे विसरू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकरपुढे भांड्यांच्या रांगा लागत, तेव्हा तळं वाचवा असं कोणी सांगायला आलं असतं तर आम्ही त्याला हातात हंडा दिला असता.

परतीच्या वाटेवर विचार केला आणि एवढं सुचलं. आम्हाला खाली नेणारा मुलगा गावातलाच होता. कुठल्या झाडावर मोर बसतात, कुठल्या देवळात वटवाघळं आहेत, सगळं त्याला पाठ. तीन तास फिरवून त्याने जे पैसे मागितले त्यात पुण्यात दोन कॉफ्या येत नाहीत. आपण येतो, काठावरून फोटो काढतो, अर्ध्या तासात गाडी वळवतो. गावाला मिळतो कचरा. तेच आपण एक रात्र राहिलो, गावातल्या खानावळीत भाकरी-पिठलं खाल्लं, गावातला वाटाड्या घेतला, तर त्या मुलाच्या दृष्टीने तळं स्वच्छ राहण्यात पैसा आहे. मग त्याला तळं वाचवा हे पुण्याहून येऊन सांगावं लागणार नाही. सांडपाण्याचं काम सरकारचं, ते आपल्या एका मुक्कामाने होणार नाही, हे कबूल. पण आपल्या हातात आहे तेवढं तरी करू.

जालन्यात शिरताना बाबांनी मोती तलावापाशी गाडी थांबवायला लावली. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने हा बांधला आणि जमिनीखालून नळ घालून गावात पाणी नेलं. चारशे वर्षांपूर्वी! मी इथून हजार वेळा गेलोय, ट्यूशनला, टाइमपासला, आणि ही गोष्ट मला परवा कळली. बाबा म्हणाले, "मला वाटलं शाळेत शिकवलं असेल."

सोमवारी हापिसात नैनीतालवाल्याने फोटो दाखवले. छान होते. मग मी माझे दाखवले. पुढच्या महिन्यात चौघं माझ्याबरोबर येणार आहेत. मुक्कामाला. तुम्ही येणार असाल तर पाण्याची बाटली भरून आणा आणि रिकामी परत न्या.