आडनाव काय तुमचं?

मोशीत भाड्यानं फ्लॅट शोधायला निघालात, की डिपॉझिटच्याही आधी एक प्रश्न येतो. ‘आडनाव काय?’ मग दुसरा, ‘मूळचे कुठले?’ विचारणाऱ्याला नेमकं काय काढून घ्यायचंय, ते आपल्याला कळत नाही असं थोडंच आहे! आपणही मग घराण्याची स्टोरी रेडी ठेवतो. कुणाचे पणजोबा पाटील, कुणाचे खापरपणजोबा दिवाण. साधे कुळवाडी कुणाचेच नव्हते, काय?

पण बॉस, आडनावाची खरी भारी स्टोरी आपल्याच नाशिक रोडवर आहे. इंद्रायणी ओलांडली की पुढे चाकण. कंपनीच्या बसमधून आपल्याला तिथे फक्त कंटेनर दिसतात. शिवकाळानंतरच्या त्या दिवसांत तिथे कचेश्वर ब्रह्मे नावाचे एक कवी राहायचे. देहूच्या तुकोबांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. एकदा दुष्काळ पडला, कचेश्वरांनी देवाला साकडं घातलं आणि धो धो पाऊस आला, असं सांगतात. मग थोरल्या शाहू महाराजांनी त्यांना गुरू मानलं आणि ब्रह्म्यांचे झाले राजगुरू.

याच घराण्यात, पुढे खेडला भीमेकाठच्या वाड्यात, २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू जन्मले. वडील लहानपणीच गेले. पोरानं घर सोडलं आणि काशी गाठली. संस्कृत शिकला, व्यायामाचं वेड जपलं आणि चंद्रशेखर आझादांच्या क्रांतिकारी संघटनेत सामील झाला. तिथे त्याचं नाव काय होतं माहितीये? ‘रघुनाथ’. छत्रपतींकडून आलेलं आडनाव त्यानं चक्क बाजूला ठेवलं! १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत फाशी. वय २२. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला ट्रेनी म्हणतात आणि जेवलास का, हे विचारायला आईचा रोज फोन येतो.

लग्न नाही, मूलबाळ नाही. लोकमान्य टिळकांचं बघा. नातू जयंतराव विधान परिषदेचे सभापती झाले, घराण्यातल्या सूनबाई मुक्ता टिळक २०१७ मध्ये पुण्याच्या महापौर झाल्या. वंशवेल कशी छान काढता येते. शिवरामच्या भावाचा वंश पुढे चालला, पण त्याच्या स्वतःच्या नावाखालची रेघ तिथेच थांबते.

थांबते का खरंच? खेड गावाचं नाव झालं राजगुरुनगर. तालुका अजून खेडच, बोलताना आपणही खेडच म्हणतो, ते सोडा. पण त्या गावात आज जन्मणारं बाळ शेखांचं असो, गायकवाडांचं असो की बिहारहून चाकणला कामाला आलेल्या कुणाचं, त्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ राजगुरुनगर असंच लागतं. एका राजानं एका माणसाला दिलेलं आडनाव त्या माणसाच्या वंशजामुळे अख्ख्या गावाचं झालं. ते लावायला कुणाला जात विचारत नाहीत, ब्रोकरेजही लागत नाही. वारस म्हणजे आणखी काय असतं हो?

तेव्हा आता भीमाशंकरच्या ट्रेकला निघालात, की राजगुरुनगरला फक्त मिसळीसाठी गाडी थांबवू नका. वाडा नदीकाठीच आहे, राज्य सरकारनं स्मारक म्हणून जपलेला. अर्धा तास पुरे. ग्रुपमधल्या २२ वर्षांच्या ट्रेनीला आवर्जून आत घेऊन जा. मिसळ काय, नंतरही मिळते.